प्रकरण एकोणीस : सहीखालचा पत्ता

महालक्ष्म्या उठल्या. मुखवटे मलमलीत गुंडाळून पेटीत गेले, साड्यांच्या घड्या झाल्या, उरलेल्या पुरणाचं काय करायचं यावर दीपाताई आणि पद्मजा यांचं एकदाचं एकमत झालं, आणि मग आबा हॉलमधल्या आपल्या खुर्चीत येऊन बसले. मांडीवर लाल बांधणीचं रजिस्टर, खिशाला दोन पेनं, आणि नाकावर तो जाड चष्मा, जो फॅक्टरी सुटल्यापासून फक्त मोठ्या कामांसाठी बाहेर निघतो.

"बसा सगळे," ते म्हणाले. "आठवा दिवस झाला."

पद्मजाने पदराला हात पुसले आणि ती दिवाणाच्या कडेला टेकली. हे आठ दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. मागच्या सोमवारी, ती शिकवते त्या शाळेत, पालकसभा संपता संपता एका मुलाच्या आईने तिचा हात धरून म्हटलं होतं, "मॅडम, आपकी बिटिया तो स्टार है! हमारे घर में सब देखते हैं, 'आबा तपासतात'." पद्मजा नुसती हसली, कारण बाई कशाबद्दल बोलते आहे ते तिला कळलंच नव्हतं. मग त्या बाईने फोन काढून दाखवला. पद्मजाच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच ओट्यासमोर स्टुलावर तिचे सासरे बसले होते. हातात घरातला कुकर होता, आणि कॅमेऱ्यामागून तिच्या बारा वर्षांच्या दुर्वाचा आवाज येत होता. खाली आकडा होता. एक लाख ऐंशी हजार माणसं या पोरीच्या मागे लागली होती. 'मागे लागली' हा पद्मजाचा शब्द. दुर्वाचा शब्द 'फॉलोअर्स'.

आजा-नात दुपारी फोनवर काहीतरी शूटिंग करतात हे पद्मजाला माहीत होतं. ते 'झलक' नावाच्या अॅपवर जातं आणि जगभर दिसतं, हे माहीत नव्हतं. नवऱ्याला, अविनाशला, ते अर्धवट माहीत होतं, आणि त्याबद्दल आठ दिवस तो तिची बोलणी खात होता.

त्याच संध्याकाळी तिने खातं पुसून टाकलं असतं. पण आबा मध्ये पडले होते. "तपासल्याबिगर नापास करता येत नाही पद्मजा. पास पण करता येत नाही. मला आठ दिवस दे."

छत्तीस वर्षं त्यांनी फॅक्टरीत लष्करी गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात घालवली होती. त्यांच्या सहीशिवाय एक बोल्टसुद्धा पुढे जात नसे. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

आणि खरं तर दुसरंही एक कारण होतं, जे घरात कोणी उघड बोलत नव्हतं. मागच्या वर्षी आबांनी फोनवर कुठलीतरी भलतीच लिंक दाबली, तेव्हा पद्मजानेच त्यांचा फोन काढून घेतला होता. महिनाभर ते फाटकाजवळ खुर्ची टाकून गप्प बसून राहिले होते. सत्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर असं वय मोजत बसल्यासारखे. त्यांना तिथून उठवलं दुर्वानं. एक दिवस गळका नळ दाखवून ती म्हणाली होती, "आबा, हा पास की फेल?" फोन परत मिळाला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. आता खातं बंद झालं तर आबा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील की काय, ही धास्ती अविनाशला होती, आणि नागपूरहून महालक्ष्म्यांसाठी आलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला, दीपाताईला, तर जास्तच.

"वाचा आबा," दीपाताई म्हणाली. ती आल्या दिवसापासून दुर्वाच्या बाजूने होती. चौसष्टच्या चौसष्ट व्हिडिओ तिने दोन दिवसांत पाहिले होते, आणि तेराव्या व्हिडिओला तिला रडू आलं होतं. त्यात काही नव्हतं, आबा एका शिडीची पायरी ठोकून पाहत होते आणि मध्येच खदखदून हसत होते. दीपाताईचं सगळं बालपण याच माणसाच्या घरात गेलं. तो असा हसतो हे तिला वयाच्या बावन्नाव्या वर्षी, एका अॅपवर कळलं.

आबांनी रजिस्टर उघडलं.

"पहिली गोष्ट. 'झलक'चा नियम, तेरा वर्षांखालच्याला खातं नाही. दुर्वा बारा. मग खातं उघडलं कसं?"

"तुमची जन्मतारीख टाकली ना आबा," दुर्वा जमिनीवरून म्हणाली. ती भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "खातं तुमच्याच नावाचं आहे. मी झूठ नाही बोलली."

"अच्छा. म्हणून मला दररोज गुडघ्याच्या तेलाची जाहिरात दिसते."

अविनाशला हसू फुटलं. पद्मजाने पाहिल्यावर ते बंद झालं.

"म्हणजे कुंपण आहे, पण वॉचमन नाही. ही नोंद एक. आता तपासणी. मी नवीन खातं उघडलं. नाव मीनू, वय तेरा, मुलगी."

"तुम्ही?" दीपाताई म्हणाली.

"मग कोण? वापरणाऱ्याच्या जागी बसल्याबिगर तपासणी होत नाही. मी आठ दिवस तेरा वर्षांची मुलगी झालो. दररोज चार ते सहा." त्यांनी पान उलटलं. "पहिला दिवस. काय सांगू तुम्हाला! डोंगरातल्या कोण्या गावची पोरगी, ट्रान्झिस्टर उघडून दुरुस्त करून राहिली. हात पाहा तिचे, काय हात! एक पोरगा पोळीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवून राहिला. मग एक मासा, समुद्राच्या तळाशी, तिथे अंधार आहे म्हणून त्याच्या डोक्यावर दिवा. देवाने दिलेला दिवा. मी चहा प्यायचा विसरलो. एवढी मोठी मोठी मशीनं पाहिली मी, पण एवढं मोठं मशीन जन्मात नाही पाहिलं."

त्यांच्या आवाजात जे होतं ते पद्मजाला ओळखू आलं, कारण ते तिच्या मनात आठ दिवसांपासून होतं. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण स्टाफरूममध्ये, वह्या तपासण्याच्या निमित्ताने, तिनेही सगळे व्हिडिओ पाहिले होते. खोट काढायला म्हणून बसली होती. आणि तिला दिसली ती दुर्वा. ही घरात धड वाक्य पुरं न करणारी मुलगी तिथे आजोबांना एकेक प्रश्न असा विचारत होती, की म्हाताऱ्याला उत्तर द्यावंच लागेल. 'आबा, शिट्टी वाजते म्हणजे कुकर सेफ आहे ना?' आणि आबा, 'नाही. शिट्टी अडकली तर वाफ कुठून जाईल, ते पाहा. खरी राखण करते ती ही छोटी चकती.' वीस वर्षं शिकवूनही पद्मजाला असा प्रश्न मुलांना विचारता आला नव्हता. आपल्या पोटी हे काय आलं आहे, असं वाटून ती वह्या तशाच ठेवून बसून राहिली होती.

"तिसरा दिवस," आबा वाचत होते. "एक पोरगी रडत होती. काहून रडते म्हणून मी थांबलो. बस, अंगठा थांबला. काही दाबलं नाही, काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दर तिसरी पोरगी रडत होती. पाचव्या दिवशी त्या सांगून राहिल्या की जेवू नका, उपाशी राहिलं की बरं वाटते. हाडं दिसत होती त्यांची. मी मागितलं होतं का हे? कोणाला बोललो होतो? त्याला माझा थांबलेला अंगठा कळला. अविनाश, तुझी आई चाळीस वर्षं राहिली माझ्यासोबत. तिला पण माझं थांबणं इतकं नाही कळलं."

दीपाताईने दुर्वाकडे पाहिलं.

"आणि मेसेज?" पद्मजाने विचारलं.

"पहिला दोन तासांत. 'हाय मीनू, कहाँ से हो.' आठ दिवसांत असे नऊ. सातांनी फोटो मागितला."

दीपाताईचा हात तोंडावर गेला. तिची स्वतःची नात आता चार वर्षांची होती. "दुर्वा, तुलापण येतात का गं असे?"

"मी बंद करून ठेवलंय ना आत्या," दुर्वा म्हणाली. ती फरशीकडे पाहत होती.

आबांनी खिशातून एक लोखंडी दांडा काढला, बोटाएवढा. एका टोकाला हिरवी पट्टी, दुसऱ्याला लाल. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी रीतसर कागद करून दिलेलं गेज. घरातल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी ते नाकात घालून पाहिलं होतं.

"भोक तपासायचं असलं की हे लागते. हिरवं टोक आत गेलं पाहिजे. लाल टोक जाता कामा नये. लाल गेलं तर भोक मोठं, माल नापास. 'झलक'मध्ये हिरवं जाते, काय सुंदर जाते. ती ट्रान्झिस्टरवाली पोरगी जाते. पण तो 'हाय मीनू'वाला पण जाते. त्याला अडवणारं काही नाही." त्यांनी चष्मा काढला. "लहान लेकरांसाठी नापास. माझ्याकडून नापास."

म्हणजे पद्मजा जिंकली. आठ दिवस जे हवं होतं ते मिळालं. ती उठेल, फोन मागेल, असं सगळ्यांना वाटलं. ती उठली नाही.

"मग ते सगळे व्हिडिओ जातील?" तिने विचारलं.

"तूच तर म्हणून राहिली होतीस," अविनाश चकित होऊन म्हणाला.

"मी म्हणत होते. पण शिडीचा जातो, कुकरचा जातो... दीपाताई, तुम्ही बोला ना काही."

"मी काय बोलू? नऊ माणसं, पद्मजा! आठ दिवसांत. मी म्हणते आत्ताच्या आत्ता काढा."

असं झालं. सकाळी पुरणावरून आणि दुपारी मुलीवरून एकमेकींच्या समोर उभ्या असलेल्या दोघी आता एकमेकींच्या जागी जाऊन बसल्या होत्या. आणि अविनाश नेहमीप्रमाणे मधोमध, दोघींकडे आळीपाळीने मान हलवत.

तेवढ्यात फाटक वाजलं.

दारात साठीची एक बाई होती. कपाळावर मोठं कुंकू, पायात धुळीने भरलेल्या चपला, हातात जाड कापडी पिशवी. पिशवीतून कुकरचं हँडल डोकावत होतं. आत डोकावून तिने थेट आबांकडे पाहिलं आणि तिचं तोंड आनंदाने उघडं राहिलं.

"आबाजी! अरे, बिलकुल व्हिडिओसारखेच आहे तुम्ही! मी बेबी. बेबी ठोसर, नरसिंहपूरची. सकाळच्या पहिल्या बसने निघाली. आणि ही दुर्वा ना? दिसून राहिली, दिसून राहिली. आवाजावरून वाटत होतं मोठी असेल."

महालक्ष्म्यांच्या दिवसांत दारी आलेल्या बाईला बाहेर उभं ठेवत नाहीत. ती आत आली, पाणी प्यायली, पुरणपोळीला नाही म्हणून मग दोन खाल्ल्या. खाता खाता तिने सांगितलं ते असं. तिचा कुकर गळत होता म्हणून भाच्याने राखणीच्या चकतीच्या जागी एक नट ठोकून दिला होता. दोन वर्षं ती त्यावर डाळ शिजवत होती. मग तिने कुकरचा व्हिडिओ पाहिला आणि तिच्या अंगावर काटा आला.

"तसाच्या तसा नट, आबाजी! तुम्ही दाखवला तसा. मग मी शेजारी गेली, त्यांच्या घरी पाहिलं. मग त्यांच्या शेजारी. आमच्या गल्लीत चार घरी नट निघाले. चार घरी! माझी सून सातव्या महिन्यात आहे, दररोज त्या कुकरसमोर उभी राहत होती." तिने पदराने डोळे टिपले. "आता हा नवीन घेतला. म्हटलं, दुकानदाराने कितीही सांगितलं तरी याच्यावर डाळ तेव्हाच चढेल, जेव्हा आबाजी पास करतील."

आबा हातातला चष्मा पुसत राहिले. छत्तीस वर्षं त्यांनी पास केलेले बोल्ट कुठल्या गाडीला लागले, त्या गाडीत कोण बसलं, ते पोचलं की नाही, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. आज एक बाई बसने येऊन सांगत होती. दीपाताई रडायला लागली आणि आपण का रडतो आहोत म्हणून स्वतःवरच चिडली. पद्मजाच्या मनात आलं, हे केवढं मोठं आहे, आपण याला काय समजत होतो.

आणि लगेच, त्याच्या पाठोपाठ, दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली.

"बेबीताई," ती म्हणाली. आवाज वर्गातला झाला होता. "तुम्हाला पत्ता कोणी दिला?"

"पत्ता तर लिहिलाय ना, व्हिडिओच्या खाली." बेबीताईने फोन पुढे केला.

ते खातं दुर्वाचं नव्हतं. दुसऱ्याच कोणीतरी कुकरचा व्हिडिओ उचलून आपल्या खात्यावर टाकला होता. त्याच्या खाली, शेकडो लोकांच्या टाळ्यांच्या आणि फुलांच्या चित्रांमध्ये, शुद्ध मराठीत लिहिलं होतं:

'तपासणी केली. सांगितलेली माहिती बरोबर आहे. चिंतामणी रघुनाथ सुभेदार, निवृत्त एक्झामिनर.' पुढे घराचा नंबर, गल्ली, राइट टाउन, जबलपूर. हिरवं फाटक, समोर कडुनिंब. मोबाईल नंबर. 'भेटण्याची वेळ दुपारी चारनंतर. सोबत नात चि. दुर्वा, इयत्ता सातवी.'

पद्मजाने ते दोनदा वाचलं. मग फोन अविनाशला दिला. त्याने दीपाताईला दिला.

"आबा," अविनाश म्हणाला, "हे तुम्ही लिहिलं?"

"मीच. काय चुकलं?" आबा सरळ बसले. "सहीखाली नाव, नंबर, ठिकाण नसेल तर ती तपासणी कसली? ज्याने पास केलं तो सापडला पाहिजे उद्या. तोंड लपवून पास करणारा एक्झामिनर मी नाही पाहिला."

"किती ठिकाणी लिहिलं?"

"प्रत्येक व्हिडिओखाली. सगळ्या चौसष्ट. आणखी कुठे आपला व्हिडिओ दिसला तर तिथे पण. रीतसर."

पद्मजाने आपल्या फोनवर दुर्वाचं खातं उघडलं. शिडी, नळ, कुकर, कुलूप. एकेकाच्या खाली बोट फिरवत गेली. लोकांचे नमस्कार होते, प्रश्न होते, हसणारी तोंडं होती. पत्ता कुठेच नव्हता.

"इथे तर एक पण नाही."

"असं कसं? मी स्वतः..." आबा थांबले.

मग सगळ्यांनी दुर्वाकडे पाहिलं.

दुर्वाला वाटलं होतं, हा क्षण कधीच येणार नाही. सहा महिने तिने तो येऊ दिला नव्हता. रोज सकाळी साडेसहाला, आई ओट्यापाशी दुधाकडे लक्ष ठेवून असताना, ती बाथरूममध्ये फोन नेत असे आणि आबांनी आदल्या दिवशी लिहिलेलं पुसत असे. आबा एकदा सही केली की मागे वळून पाहत नाहीत, हे तिला माहीत होतं. चौसष्ट वेळा. काही व्हिडिओंखाली त्यांनी दोनदा लिहिलं, तेही. फक्त हे दुसऱ्याचं खातं तिला दिसलं नव्हतं.

"मी डिलीट करत होती," ती म्हणाली.

"का?" आईने विचारलं, आणि लगेच आईचा चेहरा बदलला. आईला कळलं होतं. आईला अशा गोष्टी नेहमी अर्ध्या वाक्यात कळतात. "दुर्वा, कोणी आलं होतं?"

"आलं नाही. लिहिलं होतं." तिचा आवाज बारीक झाला. "जुलैमध्ये. एकदा मला पुसायला उशीर झाला, त्या दिवशी युनिट टेस्ट होती. तेव्हा एकाने वाचलं. मग त्याने लिहिलं, ग्रीन गेट देख लिया, स्कूल से कितने बजे आती हो." ती एका दमात बोलत सुटली. "मी त्याला ब्लॉक केलं. रिपोर्ट पण केलं. स्क्रीनशॉट ठेवलाय. मेसेज सगळे बंद करून टाकले. आणि तीन हफ्ते मी माझ्या वर्गातल्या सलोनीच्या घराकडून मागच्या गल्लीने आली, तिच्या मम्मीच्या स्कूटरवर. नंतर काहीच नाही झालं, आई. सच्ची."

आई जागची उठली होती. "तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे तू एकटी... मला काहून नाही सांगितलं?"

दुर्वाने आबांकडे पाहिलं. मग आईकडे.

"तू आबांचा फोन घेतला असता."

हे खरं होतं, पद्मजाला ते माहीत होतं. तिने घेतलाच असता. तिने पुढे होऊन पोरीला जवळ ओढलं, इतकं घट्ट की दुर्वा म्हणाली, "आई, श्वास." बारा वर्षांची एक मुलगी रोज सकाळी आजोबांची चूक पुसत होती, एका अनोळखी माणसाचं भय दप्तरात घेऊन शाळेत जात होती, आणि घरी येऊन नळ पास की फेल विचारत होती. पद्मजाला भीती वाटली, लाज वाटली, आणि या दोन्हींच्या वर असं काहीतरी वाटलं की ज्यापुढे मान आपोआप खाली गेली.

"मी चुकीच्या वेळी आली का?" बेबीताई पुटपुटली. तिने कुकर पोटाशी धरला होता.

"नाही," पद्मजा म्हणाली. "बरं झालं आलात. तुम्ही आलात, दुसरं कोणी नाही आलं."

आबांनी यातलं सगळं ऐकलं होतं. एरवी कानाला लावतात त्या श्रवणयंत्राची त्यांना आज गरज पडली नव्हती. त्यांनी चष्मा परत लावला, पेनाचं टोपण काढलं आणि रजिस्टरात लिहायला सुरुवात केली. लिहिताना नेहमीप्रमाणे ओठ हलत होते, म्हणून सगळ्यांना कळलं.

"'झलक', लहान मुलांसाठी, नापास. तपासनीस चिंतामणी रघुनाथ सुभेदार," इथे पेन क्षणभर थांबलं, "नापास."

"आबा, असं काय लिहिता," दीपाताई म्हणाली.

"बरोबर लिहितो. लाल टोक आत गेलं. दार मी उघडं ठेवलं होतं." त्यांनी फोन खिशातून काढला आणि सुनेपुढे धरला. हात ताठ होता, पण डोळे फाटकाकडे गेले, त्या रिकाम्या खुर्चीकडे. "घे पद्मजा. तुझं बरोबर होतं मागच्या वर्षी."

दुर्वाने आईचा पदर धरला. अविनाश उभा राहिला. कोणाच्या बाजूने बोलायचं हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट माहीत होतं, आणि ते बोलायची गरज पडली नाही.

पद्मजाने फोन घेतला. मग तो परत आबांच्या तळहातावर ठेवला, आणि खुर्चीच्या बाजूला, फरशीवर बसली.

"माझं चुकलं होतं मागच्या वर्षी," ती म्हणाली. "फोन काढून घेतला, शिकवलं नाही. शिक्षिका आहे मी. आता ऐका. खातं आज बंद. त्याआधी चौसष्टही व्हिडिओ अविनाश घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवेल. उद्या आम्ही दोघं तो स्क्रीनशॉट घेऊन पोलिसात जाऊ. आणि बेबीताईंच्या फोनवर दिसलं ते तुमचं लिहिलेलं तुम्ही स्वतः पुसायचं. दुर्वा, दाखव त्यांना."

दुर्वा खुर्चीच्या हातावर चढून बसली. ती सांगत गेली, आबांचा जाड अंगठा कमेंटवर दाबून राहिला. फोनने विचारलं, नक्की पुसायचं? आबांनी नातीकडे पाहिलं. "रोज विचारते का हा असा?"

"रोज विचारतो."

"आणि तू रोज एकटीच हो म्हणत होतीस."

त्यांनी हो दाबलं. पत्ता गेला. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. "इतक्या वर्षांत माझ्यामागे पुन्हा तपासणी करायची कोणाची हिंमत नाही झाली," ते म्हणाले. "या एवढ्याशा पोरीने केली. आणि मला कळू पण नाही दिलं."

मग ते बेबीताईकडे वळले. "चलो. आणा तो कुकर."

ओट्यापाशी सगळे जमले. स्टूल आलं. दुर्वाने बॅटरी धरली, जशी नेहमी धरते. दुसरा हात सवयीने वर गेला, तिथे फोन नव्हता, मग तो खाली आला.

"आबा," तिने विचारलं, अगदी त्याच आवाजात, "नवीन कुकर आहे तर तपासायचा कशाला?"

"नवीन आहे म्हणूनच," आबा म्हणाले. "जुन्याची खोड माहीत असते. नव्याची कोणाला माहीत?"

आणि ते हसले, शिडीच्या व्हिडिओत हसले होते तसे. दीपाताईने ते या वेळी समोर उभं राहून पाहिलं. बघायला पाच माणसं होती. झाकण उलटं झालं, रबर निघालं, चकतीला बोटाने दाबून झालं, भोकातून फुंकर मारून झाली. पाणी भरून एक शिट्टी काढली. आबांनी खडूने तळाला बरोबरची खूण केली.

"पास," ते म्हणाले.

बेबीताईने कुकर कपाळाला लावला. "आबाजी, एक चिठ्ठी द्या. सुनेला दाखवीन. ती म्हणेल, खरंच गेली होतीस का."

रजिस्टरातून एक पान फाटलं. आबांनी लिहिलं, कुकर तपासला, पास, तारीख. खाली सही केली. सहीखाली नाव. नावाखाली निवृत्त एक्झामिनर. आणि तिथे त्यांचं पेन कागदाच्या वर तसंच उभं राहिलं. सगळ्यांना दिसलं की पुढची ओळ हातात आलेली आहे आणि हात ती लिहू देत नाही.

दुर्वाने बॅटरीचा उजेड कागदावर आणला.

"लिहा आबा," ती म्हणाली. "हा एकाच माणसाकडे जाणार आहे. बेबीआजींकडे."

आबांनी बेबीताईकडे पाहिलं. मग पूर्ण पत्ता लिहिला, हिरव्या फाटकासकट.